पहिली बारी कोणाची

“मॅडम, हे p आणि q आमच्या विहिरीवर चालतात का?”

हा प्रश्न मी बारावी सायन्सच्या भरलेल्या वर्गात उभं राहून विचारला. पैज होती. गणिताची उजळणी सुरू झाली होती, पहिला धडा तर्कशास्त्राचा. ‘p म्हणजे पाऊस पडतो, q म्हणजे रस्ता ओला होतो’ हे दुसऱ्यांदा ऐकून समीक्षाला झोप यायला लागली. ती माझ्या कानाशी म्हणाली, “आकांक्षा, विचार ना व मॅडमले, याचा तुमच्या वावरात काही उपयोग हाय का. विचारलं तर आलुबोंडा-तर्री माह्याकडून.”

तिच्या पलीकडची म्हणाली, “ते कायले विचारते? ते तर हजेरीतही पुटपुटते.”

हे झोंबलं. उठलेच. वावर म्हणायचं सोडून विहीर का म्हणाले, ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दिवाळीपासून आमच्या घरात विहिरीशिवाय दुसरा विषयच नव्हता.

वर्ग खो-खो हसला. दोन बाक पुढे बसलेली आचल तेवढी हसली नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. आचल माझ्या मोठ्या बाबांची मुलगी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. ती विहीर तिचीही आहे.

मला वाटलं, ढोले मॅडम आता बाहेर काढतात. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“विहिरीवर काय आहे त्यावर ते ठरेल. काय आहे?”

“दोन मोटरी,” मी म्हणाले. आणि मग मला थांबताच येईना.

वर्गात मी थोडक्यातच सांगितलं, इथे सगळं सांगते. रोहण्याला आमचं आणि मोठ्या बाबांचं वावर लागून आहे, विहीर दोघांत एक. झरे बेताचे. दोन्ही मोटरी एकदम चालल्या की पाणी तळाला जातं आणि मोटरी हवा ओढतात. वाटणी झाली तेव्हा आबाजींनी, म्हणजे आमच्या तानबा आजोबांनी, एकच नियम घालून दिला होता, “भावाले पाणी पाहिजे असन तर आपण थांबाचं.” आबाजी गेले तरी नियम चालला. लाईट आली की बाबा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून ओरडायचे, “दादा, तू घे.” तिकडून मोठे बाबा, “नाई, तूच घे, माह्यं उद्या होते.” असं थोडा वेळ चालायचं, मग कोणीतरी एक घ्यायचं. मी लहानपणापासून हे ऐकलं आहे, मला तर ते मोटर सुरू करायचंच एक बटण वाटायचं.

मग डबे आले. वावरातली लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. दर वेळी तिथे जाऊन कोण उभं राहणार? गावात ऋतिकदादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याने पॉलिटेक्निक केलं आहे. त्याने दोन्ही मोटरींना एकेक डबा बसवून दिला. पाणी पाहिजे असेल तर आपल्या डब्याचं बटण आधीच दाबून ठेवायचं. लाईट आली की डबा मोटर सुरू करतो, ओलिताचा वेळ संपला की मोटर बंद करतो आणि बटण आपोआप सुटतं. दोन डब्यांच्या मधून एक वायर. “नियम काय टाकू?” असं ऋतिकदादाने विचारलं तेव्हा दोघा भावांनी आबाजींचाच सांगितला. त्याने तो जसाच्या तसा टाकला. सुरू होण्याआधी डब्याने दुसऱ्या डब्याकडे पाहायचं. त्याचं बटण दाबलेलं असेल तर थांबायचं, आणि थांबलो हे कळावं म्हणून लाल दिवा लावायचा.

पावसाळ्यात पाण्याची कोणाला गरजच नव्हती. दिवाळीनंतर दोघांनीही एकाच आठवड्यात चना पेरला. बाबांनी संध्याकाळी बटण दाबून ठेवलं, सकाळी वावरात गेले, तर आपल्या डब्यावर लाल दिवा. म्हणजे दादाला पाणी पाहिजे. ठीक. पण दादाची मोटरही बंद!

“पाणी घ्याचं नाई अन् बटण दाबून ठेवाचं,” बाबा घरी येऊन म्हणाले. “मले अडवाले!”

त्यानंतर मोठे बाबा तिथे गेले. त्यांनाही त्यांच्या डब्यावर लाल दिवा दिसला आणि आमची मोटर बंद दिसली. त्यांनी घरी जाऊन तेच वाक्य म्हटलं, हे मला नंतर आचलकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खात्री करायला आपलं बटण सोडून पाहिलं. त्याच क्षणी मोठ्या बाबांची मोटर सुरू झाली. “पाहा! म्या सोडलं का लगेच त्यायचं चालू!” लाईट तेवढ्यात गेली, पण बाबांना पुरावा मिळाला. तेव्हापासून आधी बटण सोडायला कोणीच तयार नव्हतं. लाईट यायची, दोन लाल दिवे लागायचे, लाईट जायची. चना माना टाकायला लागला. आणि मोठ्या बाबांनी आचलला सांगून टाकलं, आकांक्षासोबत जायचं नाही.

रोहण्याहून आर्वीच्या एसटीत आम्ही दोघी कायम एका सीटवर. जी आधी चढेल तिने ओढणी टाकून दुसरीची जागा धरायची. आता ती ड्रायव्हरच्या मागे बसायची आणि बाजूच्या जागेवर दप्तर ठेवायची. मी मागे उभी. मला चन्यापेक्षा त्या दप्तराचा जास्त राग यायचा.

तर, वर्गात मी एवढंच सांगितलं की दोन मोटरी, दोन डबे, एक नियम, आणि तरी काहीतरी अडकतं.

“बोर्डावर ये,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं बटण दाबलेलं आहे, हे p. त्यांचं दाबलेलं आहे, हे q. तुमची मोटर केव्हा सुरू होते?”

“आमचं दाबलेलं असेल आणि त्यांचं नसेल तेव्हा.”

“मग लिही तसं.”

मी लिहिलं, p ∧ ∼q. त्यांची मोटर, q ∧ ∼p. हे दोन्ही आम्ही परीक्षेसाठी इतक्यांदा लिहिले होते की हात आपोआप चालला.

“आता टेबल कर. चारच ओळी आहेत.”

पहिली ओळ, p खरं, q खरं. आमची मोटर? F. त्यांची मोटर? F. दुसरा F लिहून झाला आणि मी खडू घेऊन तशीच उभी राहिले. दोघांनाही पाणी पाहिजे, आणि कोणालाच मिळत नाही. यात कोणी काही केलेलंच नव्हतं. मुद्दाम काहीच नव्हतं. बाकीच्या तीन ओळी मी लिहिल्या, त्या अगदी शहाण्यासारख्या वागत होत्या.

“याला कम्प्युटरवाले डेडलॉक म्हणतात,” मॅडम वर्गाला म्हणाल्या. “सगळे नियमाने वागतात आणि म्हणूनच सगळे अडकतात. मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळी चार नसतात, कोट्यवधी असतात, त्यामुळे त्या तपासायलाही पुन्हा कम्प्युटर लावावा लागतो. पण काम हेच. चालवून पाहिलं तर चूक सापडू शकते. चूक नाहीच, असं म्हणायचं असेल तर एकही ओळ सोडता येत नाही.”

मी जागेवर येऊन बसले. समीक्षा म्हणाली, “आलुबोंडा दोन खा व.” मी दोन खाल्ले.

एसटीत उभ्याउभ्या मी आबाजींच्या नियमाचा विचार करत होते. तो त्यांच्या वेळी चालला, कारण ‘तू घे, तू घे’ करणारी माणसं कधीतरी कंटाळतात. डबा कंटाळत नाही.

शनिवारी मी ऋतिकदादाच्या दुकानात गेले. तो एका मोटरच्या तांब्याच्या तारा उकलत बसला होता.

“दादा, तुझ्या डब्यात चूक आहे.”

“आली मोठी इंजिनेर,” तो मान वर न करता म्हणाला. “अव, तुह्या बापासमोर तपासून देल्ला ना! पहिले त्यायचं बटण दाबलं, मंग तुमचं. एक चालू, दुसरा थांबून. मंग उलटं करून पाह्यलं. तरी बरोबर.”

“एकदम दाबून पाहिलं?”

“दोन्ही एकदम कोण दाबते?”

“लाईट.”

“काय?”

“बटणं आधीच दाबलेली असतात. लाईट आली की दोन्ही डबे एकदम जागे होतात. दोन्ही एकदम एकमेकांकडे पाहतात.”

आता त्याने मान वर केली. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तसलेच दोन डबे दुकानात तयार होते. त्याने ते एका बोर्डाला जोडले, दोन्ही बटणं दाबली आणि मग बोर्डाचा खटका वर केला. दोन लाल दिवे. त्याने खटका पाडून पुन्हा वर केला. पुन्हा दोन लाल दिवे.

“अरे बापा,” ऋतिकदादा म्हणाला. खटका पाडून म्हणाला, “सोपं हाय. तुमच्या डब्याले जरासा उशीर लावून देतो. मोठे बाबाचा पहिले सुरू होईन.”

“दर वेळी त्यांचाच पहिले?”

“मंग त्यायच्याले उशीर लावतो.”

“मग दर वेळी आमचा. दादा, तू भांडण मिटवून राह्यला का वाढवून राह्यला?”

“तर मंग तूच सांग!”

सांगितलंच. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. बटणांखेरीज अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची, बारी कोणाची आहे. तिला r म्हणू. r खरं असेल तर बारी आमची, खोटं असेल तर त्यांची. आमची मोटर सुरू व्हायला आमचं बटण दाबलेलं पाहिजे, आणि एकतर त्यांचं दाबलेलं नको, नाहीतर बारी आमची पाहिजे. त्यांचंही तसंच, उलट बाजूने. ज्याचं ओलित झालं त्याने बारी दुसऱ्याला द्यायची. एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी आठ ओळींचं टेबल काढलं. एकाही ओळीत दोन मोटरी एकदम सुरू होत नव्हत्या, आणि कोणाला तरी पाणी पाहिजे असताना दोन्ही बंद, असंही कुठे नव्हतं.

“आता हे डब्यात टाक,” मी म्हणाले.

“सोमवारी तुह्या मॅडमले दाखवून येजो पहिले,” तो म्हणाला. “एक डाव फसलो म्या.”

सोमवारी मी न बोलावता बोर्डावर गेले. हो, मीच, हजेरीत पुटपुटणारी. आठही ओळी लिहिल्या, हात झटकले आणि वर्गाकडे पाहिलं. मॅडमनी एकेक ओळ बोटाने तपासली. “कोणाला काही हरकत?” त्यांनी विचारलं.

आचलने हात वर केला.

“मॅडम, समजा बारी तिची आहे, पण तिला पाणी नको आहे. म्हणून आमची मोटर सुरू झाली. आमचं ओलित अर्ध्यावर आलं आणि तिने बटण दाबलं. आता?”

मी ओळ शोधली. p खरं, q खरं, r खरं. आमची मोटर T. बरोबरच होतं की! मग माझ्या लक्षात आलं की त्यांची मोटर तर आधीपासून चालू आहे, आणि माझं टेबल फक्त सुरू कधी व्हायचं ते सांगतं, चालू मोटर बंद करत नाही. म्हणजे दोन्ही चालू. विहीर कोरडी, मोटरी हवेवर. जी एक गोष्ट होऊ द्यायची नाही म्हणून हा सगळा खटाटोप, तीच मी करून ठेवली होती, आणि ती सापडली आचलला, जी माझ्याशी बोलत नव्हती.

“छान,” मॅडम म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे. “टेबल एका क्षणाचं आहे. मोटर मात्र क्षणभर चालत नाही, बराच वेळ चालते. मग?”

आचल जागेवरूनच म्हणाली, “जिची मोटर सुरू झाली, बारी त्याच क्षणी तिची व्हायला पाहिजे. आधी कोणाचीही असो.”

“आणि बंद झाली की दुसरीची,” मी म्हणाले.

“म्हणजे जी चालू आहे, बारी कायम तिच्याकडेच.”

“आणि बारी एका वेळी दोघींकडे असूच शकत नाही…”

“…म्हणून दोन्ही एकदम चालूच शकत नाहीत,” आचल म्हणाली, आणि आपण कोणाशी बोलतोय हे आठवून पटकन वहीत पाहू लागली.

“हे प्रूफ झालं,” मॅडम म्हणाल्या. “हजार वेळा बटणं दाबून हे मिळालं नसतं. बसा दोघी.”

दोघी बसलो. आपापल्या बाकावर.

संध्याकाळी एसटीत दप्तर होतं तिथेच होतं. पण पुलगावचा फाटा गेल्यावर तिने मान वळवली. “काऊन व, r पहिल्यांदा काय ठेवशील?”

“म्हणजे?”

“डबे नवीन बसतील. दोन्ही बटणं दाबलेली असतील. तेव्हा पहिली बारी कोणाची?”

“काहीही ठेव. पाणी दोघांनाही मिळतेच. गणिताला चालते.”

“माह्या बाबाले नाही चालणार,” ती म्हणाली आणि पुन्हा समोर पाहू लागली.

तिचं खरं होतं. पुढच्या शनिवारी ऋतिकदादाने दोघा भावांना दुकानात बोलावलं. दोघे आले, बाकाच्या दोन टोकांना बसले. ऋतिकदादाने ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचे डबे टेबलावर ठेवले, त्यावर ना बाबांचा हात ना मोठ्या बाबांचा, दोन्ही बटणं दाबली आणि खटका वर केला. दोन लाल दिवे. मी पुठ्ठ्याच्या मागे जुन्या नियमाच्या चार ओळी काढल्या आणि पहिली ओळ दाखवून सांगितलं की डबे नियमानेच वागत होते, दुसऱ्याला अडवायला म्हणून कोणीच बटण दाबून ठेवलं नव्हतं.

बाबा दिव्यांकडे पाहत राहिले. “म्हणजे दादानं…” एवढं म्हणाले आणि थांबले. मोठे बाबा रस्त्यावरच्या बकऱ्यांकडे पाहत होते. मला वाटलं, आता बोलतील, आता ‘तू घे’ म्हणतील.

तेवढ्यात ऋतिकदादाने विचारलं, “नवीन प्रोग्रॅम टाकतो. पहिली बारी कोणाची टाकू?”

“आमची,” बाबा म्हणाले. “मीटर माह्या नावावर हाय.”

“मोठा मी हाव,” मोठे बाबा म्हणाले.

“बटण तर पहिले म्या सोडलं होतं!”

“मंग काय उपकार केले?”

टेबलावर दोन लाल दिवे, बाकावर दोन भाऊ. मला हसूही येत होतं आणि रडूही. मोठे बाबा पायात चप्पल सारून निघून गेले, बाबाही उठले. ऋतिकदादाने हात झटकले. “मी नाई पडत बावा दोघाइच्या मधात. आकांक्षा, गणित तुहं हाय. काय टाकाचं ते उद्या दुपारपर्यंत सांगजो, मी वावरात जाऊन भरतो.”

त्या संध्याकाळी बाबा एकटेच चन्याच्या वावरात जाऊन आले. मी अंगणात बसून r चा विचार करत होते. टेबलात r खरं ठेवा की खोटं, पाणी दोघांनाही मिळतं, हे मी आणि आचलने मिळून सिद्ध केलं होतं. म्हणजे गणित उत्तर देणार नव्हतं, निवडायचं मलाच होतं. आमची ठेवली तर बाबा खूश, आणि ड्रायव्हरच्या मागचं दप्तर जागच्या जागी. मग मला धुऱ्यावरचं ते ओरडणं आठवलं. रविवारी सकाळी उठल्याउठल्या ऋतिकदादाच्या दुकानात गेले आणि काय टाकायचं ते सांगून आले.

दुपारी जेवायला बसलो. आईने भाकरी वाढली, वांग्याचं भरीत वाढलं. बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, “ऋतिकले सांगतलं ना? पहिली बारी आपली?”

“जेवू तर द्या तिले,” आई म्हणाली.

“बाबा, एक विचारू?” मी म्हणाले. “लाईट आली का धुऱ्यावरून पहिले कोण ओरडे? ‘दादा, तू घे’ असं?”

बाबांनी भाकरी मोडली. आईच म्हणाली, “हेच. दर वेळी हेच. मोठे बाबा तर मागून म्हणत.”

“मग डब्यालाही तेच शिकवलं,” मी म्हणाले. “आई, बाबा, मी ठरवलं आहे. पहिली बारी मोठ्या बाबांची. ऋतिकदादा आता वावरातच आहे, त्याने भरलीही असेल. त्यांचं झालं की आपली येते, ती चुकूच शकत नाही, हे मी तुम्हाला आत्ता ताटात बोटाने काढून दाखवते. आणि उद्या एसटीत मी आधी चढणार अन् आचलची जागा धरणार. मोठे बाबा काही म्हणाले तर त्यांना सांगा, मी ठरवलं म्हणून.”